तत्रैव म्हणजे कोण?

चामराजपेट, बेंगळूर
ता. १४ नोव्हेंबर १९६१

चि. प्रमोदिनीस,

इथं आशीर्वाद लिहायची रीत आहे. आधी जाब विचारते, आशीर्वादाचं मग बघू.

तू रजिस्टर पोस्टानं पाठवलेली तुझ्या निबंधाची प्रत परवा मिळाली. चष्मा पुसून, कॉफीचा लोटा बाजूला ठेवून बसले आणि आमच्या अक्काचं नाव शोधू लागले. तुला आठवण करून द्यावी लागेलसं दिसतं, म्हणून लिहिते. माझी थोरली बहीण अहल्या जाऊन सतरा वर्षं झाली. आमच्या घरात बोलले जाणारे जुने मराठी शब्द तिनं एका वहीत लिहून ठेवले होते. ती वही मी कुणाला दाखवत नसे. उन्हाळ्यात तू जयनगरला तुझ्या दादाकडे, उपेंद्राकडे, राहायला आलीस. रोज दुपारी बस धरून माझ्याकडे यायचीस आणि वहीतला एकेक शब्द उतरवून घ्यायचीस. जाताना वहीच मागून नेलीस. म्हणालीस, "अक्का, प्रत्येक शब्दामागे अहल्याअक्कांचं नाव लागेल. संशोधनाचा तो नियमच आहे." मी तेवढ्यावर भुलले.

शेवटच्या पानांवर टिपा आहेत. सातव्या टिपेत अक्काचं नाव आहे, ‘कै. अहल्याबाई यांची हस्तलिखित वही’. वाचून डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. आठव्या टिपेत तुझे सर, प्रा. उमाकांत दातार, आणि त्यांचा कुठलासा लेख. आणि नऊपासून तीसपर्यंत एकच शब्द: तत्रैव. तत्रैव. तत्रैव.

मला वाटलं, तत्रैव म्हणून कुणी गृहस्थ असतील. शेजारच्या भीमाचार्यांना विचारलं तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "बाई, हे गृहस्थ नव्हेत. तत्रैव म्हणजे तिथंच. वरच्या टिपेत जे नाव आहे तेच इथं समजायचं." मग मी वर पाहिलं. वर कोण? दातार!

मुलांच्या संध्याकाळच्या खाण्याला आमच्याकडे ‘चंदी’ म्हणतात, उंबऱ्याबाहेरच्या पायरीला ‘रिकीब’, पाळण्याच्या दोऱ्यांना ‘अगाडी-पछाडी’. घोड्याचा खुराक, स्वाराची पाय ठेवायची कडी, बांधायच्या दोऱ्या, असे पागेतले शब्द स्वयंपाकघरात कसे शिरले यावर तू तीन पानं लिहिलीस. असे बावीस शब्द, आणि बावीसही दातारांच्या खात्यात? त्यांनी चामराजपेट नकाशात तरी पाहिलंय काय?

एवढंच विचारते. तू केलंस, की करू दिलंस?

पद्मावती

*

पुणे
ता. २० नोव्हेंबर १९६१

ती. पद्मावतीअक्का,

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. कृपया मनात काही आणू नका. ही निव्वळ टेक्निकल चूक आहे. मूळ यादीत सातवी टीप वहीची होती आणि आठपासून पुढे तत्रैव होतं, म्हणजे सगळे शब्द अहल्याअक्कांच्याच नावावर होते. नंतर टायपिंगच्या वेळी मध्ये एक टीप घातली गेली, त्यामुळे क्रम सरकला आणि तत्रैवचा अर्थ बदलला गेला. अशा नजरचुका होत असतात. अंतिम प्रतीत योग्य ती दुरुस्ती केली जाईल.

तुमच्या हातच्या कॉफीची इथे रोज आठवण निघते. जयनगरच्या नीलावहिनींच्या पत्रात होतं की तुमचा गुडघा दुखतोय. काळजी घ्यावी.

तुमची,
प्रमोदिनी

*

चामराजपेट
ता. २६ नोव्हेंबर १९६१

प्रमोदिनी,

गुडघ्याची चौकशी पोचली. गुडघा दुखतो, डोळे शाबूत आहेत.

टीप घातली गेली. क्रम सरकला. अर्थ बदलला गेला. दुरुस्ती केली जाईल. तुमच्या पुण्यात माणसं स्वतः काहीच करत नाहीत वाटतं, सगळं आपोआप होतं! मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं ग. शाई सांडणारी मुलगी कधी ‘मी सांडली’ म्हणत नाही, ‘सांडली गेली’ म्हणते.

तुझी प्रत खिडकीशी उजेडात नेऊन पाहिली. सगळं पान कार्बनचं, निळसर. आठवी टीप तेवढी काळीकुट्ट, दोन ओळींच्या मध्ये अंग चोरून बसवलेली. आणि तिच्या पुढचे सगळे आकडे शाईनं गिरवून बदललेत, आठाचा नऊ, नवाचा दहा, असं थेट तीसपर्यंत. हे टायपिंगच्या बाईनं केलं म्हणतेस? त्या नवाचं शेपूट मी ओळखते. माझ्या समोर बसून शब्द उतरवताना पानांवर घालायचीस तोच नऊ आहे हा.

अक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. सदतिसाव्या वर्षी गेली. मधली अठरा वर्षं स्वयंपाकघरात गेली. तिच्या नावावर या जगात एक वही सोडून काही नाही, आणि तीही तुम्ही लोकांनी पळवावी?

वही परत पाठव. नाही पाठवलीस तर विद्यापीठाला पत्र जाईल. मसुदा भीमाचार्यांनी केलाय. त्यातलं संस्कृत इतकं जड आहे की मलाच निम्मं कळेना, पण राग कळतो.

पद्मावती

*

पुणे
ता. ५ डिसेंबर १९६१

ती. अक्का,

नऊ माझाच.

सरांचा लेख गेल्या वर्षी दिवाळी अंकात आला. ऑक्टोबरात त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मार्गदर्शकाचा लेख संदर्भांत नसला तर परीक्षक काय म्हणतील? आठव्या जागी घाला." मी घरी येऊन टीप टाइप केली आणि आकडे गिरवायला बसले. तत्रैवचं काय होणार हे मला पहिल्या आकड्यालाच कळलं. तरी तीसपर्यंत गिरवत गेले. सरांना हे कळलं होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. ते साधेपणानं बोलले, पण त्यांना तत्रैव शिकवायला नको. सही त्यांची लागते, अक्का. सही नाही तर तोंडी परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर दोन वर्षं पाण्यात. म्हणून गप्प बसले. तुम्ही विचारलंत ना, केलंस की करू दिलंस? दोन्ही केलं. मला माझीच लाज वाटते.

काल धीर करून सरांना सांगितलं, आठवी टीप काढते. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "काढा. पण लेखाला लेखक आहे. तुमच्या वहीला साक्षीदार कोण? बाई हयात नाहीत. त्यांनी हे शब्द कुणाकडून ऐकले?"

मी घरी येऊन वही पुन्हा पहिल्यापासून पाहिली. बावीसपैकी सोळा शब्दांपुढे अहल्याअक्कांच्या अक्षरात बारीक ‘गो.’ लिहिलंय. मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, गो. म्हणजे ‘गोळा केलेले’. मी तसंच टिपून घेतलं. पण अक्का, वहीतले सगळेच शब्द गोळा केलेले आहेत. मग गो. सोळांपुढेच का? आणि हे सोळाच तेवढे घोड्याचे. उरलेले सहा सोवळ्याओवळ्याचे, सणावाराचे. तुमचे वडील नरसिंहराव तर संस्कृत शिकवायचे. त्यांच्या घरात रिकीब आणि चंदी कोण म्हणत होतं?

तुम्ही मला शाईवरून पकडलंत. मीही शाईच पाहतेय. ‘गो.’ म्हणजे कोण?

वही आत्ता पाठवत नाही. रागवा हवं तर.

प्रमोदिनी

*

चामराजपेट
ता. १२ डिसेंबर १९६१

प्रमोदिनी,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

गो. म्हणजे गोळा केलेले. एकदा सांगितलं ते पुन्हा सांगते. सोळांपुढेच का, हे अक्काला जाऊन विचार. घाईत सहांपुढे राहून गेलं असेल. पूर्वी घराघरांत घोडे होते, कुणाकडून कानावर आलं असेल, लिहिलं गेलं असेल. त्यात एवढा कीस काढण्यासारखं काय आहे?

वही पाठव.

पद्मावती

*

पुणे
ता. १९ डिसेंबर १९६१

ती. अक्का,

‘लिहिलं गेलं असेल’? अहो अक्का, हे तर पुण्याचं मराठी!

माझ्याकडून झालेलं काम सांगते. टिपांची यादी मी स्वतः पुन्हा टाइप केली. आठवी टीप काढली. तत्रैव एकदाही ठेवला नाही, प्रत्येक शब्दामागे पूर्ण नाव येईल. सहा शब्दांमागे अहल्याअक्कांचं नाव घातलं. सोळा जागा कोऱ्या आहेत.

सर म्हणाले, "साक्ष आणा, सही करतो." मी त्यांच्याकडून ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. आता मी तोंडी काहीच घेत नाही. शब्द सांगणारं माणूस हयात असेल तर त्याचं पूर्ण नाव, वय, गाव आणि ते कुणाच्या घरी किती वर्षं होतं, एवढं एका कागदावर हवं. यादी पंधरा जानेवारीच्या आत द्यायची आहे.

त्या सोळा जागी मी सरांचं नाव घालणार नाही. पण जे खरं आहे असं मला वाटत नाही, तेही घालणार नाही. तुमचं उत्तर आलं नाही तर सोळा शब्द काढून टाकीन. मग निबंधात राहील काय, हा प्रश्न माझा.

प्रमोदिनी

*

चामराजपेट
ता. ३० डिसेंबर १९६१

चि. प्रमोदिनी,

आठवडाभर कागद पुढ्यात घेऊन उठत होते. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

गो. म्हणजे गोजराबाई. आमच्याकडे पाणी भरायला, दळायला, भांडी घासायला होती. मराठ्याची, शिपाईगड्यांच्या घरातली. चोवीस वर्षं होती. तिचं सगळं बोलणं असंच, घोड्यावर बसलेलं. पोरांना खायला दे म्हणायच्या ऐवजी म्हणायची, "चंदी टाका ग पोरांना." आम्ही हसायचो आणि हसता हसता तेच बोलायला लागलो. पुढे ते आमचंच झालं. कुठून आलं ते कुणी विचारलं नाही.

अक्का मात्र विचारायची. विधवा पोर, तिला दुसरं बोलायला कोण होतं? ती चुलीपाशी बसायची, ही दाराशी भांडी घासायची, आणि दोघींचं चाललेलं असायचं. ऐकलेलं ती वहीत टिपायची. अण्णांच्या हाती वही पडली तर? संस्कृत पंडिताची मुलगी मोलकरणीपाशी मराठी शिकते म्हटल्यावर वही चुलीतच गेली असती. म्हणून तिनं नुसतं गो. लिहिलं. भीत भीत का होईना, पण लिहिलं. ती तुझ्या संशोधनाचा नियम न शिकता पाळत होती.

तो मोडला मी. तू ‘गो. म्हणजे काय’ म्हणून विचारलंस तेव्हा उत्तर माझ्या जिभेवर होतं. वाटलं, मोलकरणीचं नाव आलं की अक्काच्या वाट्याला काय उरेल? सहा शब्द? जन्मभर तिच्या वाट्याला कमीच आलं ग, छापल्यावर तरी भरपूर यावं. म्हणून खोटं बोलले. तुला चोर म्हणताना माझा हात जरासुद्धा कापला नाही, हे बघ कसं असतं.

मग तू सांगितलेला कागद भरायला बसले. वय, सत्तरच्या आसपास. गाव, आता मुलाजवळ के. आर. पुरमला असते, तो तिथं रेल्वेत आहे. कुणाच्या घरी, आमच्या. वर्षं, चोवीस. मग पूर्ण नाव. गोजराबाई लिहिलं आणि पेन थांबलं.

अय्यो, प्रमोदिनी, मला तिचं आडनाव माहीत नाही. नवऱ्याचं नावही माहीत नाही. भीमाचार्यांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. चोवीस वर्षं त्या बाईनं भरलेलं पाणी प्यालो आम्ही.

पद्मावती

*

पुणे
ता. ३ जानेवारी १९६२

ती. अक्का,

पत्र वाचून मी रडले. खोटं कशाला बोलू, हे तुमच्याकडूनच शिकले.

जाऊन विचारा. त्यांना निबंधातले सोळाही शब्द वाचून दाखवा, एखादा चुकला असेल तर त्याच सांगतील. आणि मनातून एक भीती काढून टाका. ऐकून जपून लिहिणाऱ्याचं नावसुद्धा टिपेत येतं. सोळाही ठिकाणी आधी सांगणारीचं नाव येईल आणि मग लिहून घेणारीचं. अहल्याअक्कांचं काही कमी होत नाही.

बारा दिवस आहेत. बस नाहीतर रेल्वे, काहीही धरा, पण जा.

प्रमोदिनी

*

चामराजपेट
ता. ८ जानेवारी १९६२

चि. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद. आधी अडवून ठेवलेलेही यातच धर.

काल जाऊन आले. के. आर. पुरमला उतरून स्टेशनामागची घरं विचारत विचारत गेले. मूळचं खेडंच ते, सापडायला वेळ लागला नाही. गोजराबाई दारात सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. बारा वर्षांनी पाहिलं मी तिला. वाळून एवढीशी झालीय. पण उठली, फळकुटाचं स्टूल पदरानं पुसून मला दिलं, ताक दिलं, अण्णांची, अक्काची आठवण काढली. स्वल्प बरं वाटलं मला. मग मी पिशवीतून कागद-पेन्सिल काढली आणि म्हटलं, "गोजराबाई, तुझं पूर्ण नाव सांग बघू."

तिचा हात सुपातच थांबला. चेहरा उतरला. म्हणाली, "काय गेलं धाकट्या अक्का, घरातलं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अडतीस साली माझी बांगडी हरवली होती. पोलीस आला, त्यानं हिला आमच्या ओसरीवर उभी करून असंच विचारलं होतं, पूर्ण नाव सांग. बांगडी तिसऱ्या दिवशी माझ्याच ट्रंकेत सापडली. आम्ही ते विसरलो. त्या दिवशी तिनं नाव सांगितलं तेव्हा मी चार हातांच्या अंतरावर उभी होते ग, आणि तरी मला ते माहीत नव्हतं!

मी म्हटलं, "माझ्या घरातलं काही गेलं नाही. तुझ्या घरातलं आमच्याकडे आलंय. सोळा नग आहेत. परत करायला आलेय." आणि तुझा निबंध काढून वाचायला लागले. चंदी म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं. रिकीब म्हटल्यावर तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "हे बी लिवलं व्हय थोरल्या अक्कांनी?" अगाडी-पछाडीचं तू उलटं लिहिलं आहेस, डोक्याकडची दोरी अगाडी, पायाकडची पछाडी. ते सुधार. तिची आई सकवारबाई तसं शिकवायची म्हणे. थोरल्या अक्का तिला सण आला की म्हणायच्या, "गोजरा, आज दोन शब्द दे, पुरणपोळी देते." हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्याच घरातली गोष्ट मी के. आर. पुरमला जाऊन ऐकली, आणि तिथंच तिच्यासमोर रडले. तिनंच माझी समजूत काढली.

मग नाव सांगितलं. असं लिही: गोजराबाई हंबीरराव घाटगे. वय सत्तर. मूळ गाव विचारलं तर म्हणाली, ठावं नाही, आजा घोड्याबरोबर आला एवढं ऐकलंय. तू जसंच्या तसं तेच लिही. सोळाही ठिकाणी पूर्ण नाव घाल, आणि तिच्यामागे माझ्या अक्काचं. जागा जास्त लागली तर लागू दे.

निघायला उठले तर गोजराबाई आडवी आली. म्हणाली, "अंगठा?" मी म्हटलं, अंगठा नको, हे संशोधन आहे, नाव पुरतं. तिचा विश्वास बसेना. आमच्यासारख्यांवर तिनं का ठेवावा? म्हणाली, "नाव तुम्ही शिकलेली माणसं हिकडचं तिकडं करता. अंगठा न्हाई करता येत." नातवाकडून शाई मागवली, कागद गुडघ्यावर नीट पसरला आणि जोर देऊन अंगठा उठवला.

तो कागद या पत्रासोबत आहे. दातारांनी साक्षीदार मागितला होता, म्हणून अंगठ्याखाली मी सही केली आहे.

पद्मावती